लिंबोणीची जागा

नवं घर बांधून झालं आन् गवंडी मागचा सगळा राडा तसाच टाकून गेला. परसात पाय ठिवायला जागा न्हाई. विटांचे तुकडे, गिलाव्याची ढेकळं, खिळे, गुटख्याच्या पुड्या. जिथं सिमेंटचा माल कालवला तिथं तर जमीन अशी घट्ट झालती, की टिकाव मारला की हाताला झिणझिण्या. माझा पोरगा अंगद म्हनला, "आई, कशाला मरती? समद्याला फरशी टाकून घेऊ. गाडी लावायला हुईल."

"खबरदार फरशी टाकशील तर!" अशी खेकसले, की गप बसला बिचारा.

त्याला काय ठावं. मी धाकट्या लेकीच्या, दीपाच्या बाळंतपणाला सव्वा महिना नगरला गेल्ते. तेवढ्यात ह्यानं जुनं घर पाडलं, पाया खांदला, आन् मागची लिंबोणी बी जेसीबीनं उपटली. आले तर परसाची पार रया गेलती. लिंबोणी न्हाई, जुनी भिंत न्हाई, अदमास घ्यायला कायच न्हाई. पोरगा हौसेनं नव्या घराचं जोतं दाखवत हुता, हितं किचन, हितं हाल, आन् मी रडत हुते. त्याला वाटलं, आईला आनंद झाला.

लिंबोणीखाली माझी पोरगी हुती. पहिली, अंगदच्या आधीची. नवव्या दिवशी गेली. तान्ह्या लेकराला जाळत न्हाईत, मातीत ठिवत्यात. आमच्या ह्यांनी, म्हंजे अंगदच्या नानांनी, परसात खड्डा केला, कुत्र्यांनी उकरू नये म्हनून वर दगड रचले, काट्या टाकल्या. पुढं मी तिथं लिंबोणी लावली. सासूबाईंनी बजावलं हुतं, "हिचा विषय पुन्हा काढायचा न्हाई. पुढच्या लेकराला बाधतं." मग अंगद झाला. मी भ्याले. चाळीस वर्सं तोंड शिवून बसले. एका शब्दानं बोलले असते, तर माझ्या पोरानं तिथं जेसीबी घातला नसता. त्याला कसला दोष देऊ? जळलं मेलं माझं तोंड!

आता एकच ध्यास हुता. ती जागा हुडकायची आन् तिथंच नवं रोप लावायचं.

सकाळी भाकरी उरकल्या की मी परसात. घमेल्यानं राडा भरायचा, बाहेर नेऊन टाकायचा. नाना बी खोरं घेऊन यायचे. गुडघे धरत्यात त्यांचे, तरी यायचे. आमी वरचा मुरूम काढला, खालची काळी माती लागंपर्यंत खांदलं. कुठं मूळ लागतंय का बघत हुते. एक घावलं. नखानं खरवडून हुंगलं, तर शेवग्याचं. तिथंच बसून रडले.

"अवो, तुमीच खांदलं हुतं ना? मागच्या दारापासनं किती पावलं?"

"ध्यानात न्हाई," म्हनायचे, आन् खाली बघून खोरं वढायचे.

पंधरा दिवस हेच. परवा अंगदनं शेणखताची ट्रॉली सांगितली. एकदा खत पसरलं की समदं सारखं हुनार. माझं डोकंच फिरलं. घमेलं आपटलं.

"कसले बाप हाय तुमी! पोटची पोर कुठं ठिवली ते बी ध्यानात न्हाई?"

नाना मटकन् खाली बसले. "पुष्पे, नको खांदू आता. ती हितं न्हाई."

"म्हंजे?"

"जोत्यात भर कमी पडली. जेसीबीवाल्यानं हितलीच माती उचलून घरात टाकली. मी उभा हुतो. थांब म्हनायला तोंड उघडलं, पर इतक्या वर्सांनी पोराला काय सांगू? ट्रॉलीत भरून बाहीर जाऊ दिली न्हाई, एवढंच केलं."

आन् पंधरा दिवस हा मानूस माझ्यासंगं रिकामी जमीन खांदत हुता! राग यावा का कीव, मला कळंना.

वळून बघते तर अंगद उभा. ट्रॉलीला वाट करून द्यायला आल्ता. त्यानं समदं ऐकलं हुतं.

"आई, कुनाचं बोलताय?"

मग सांगितलं. लपवायला राहिलं काय हुतं?

"नाव काय हुतं तिचं?"

"बारसं कुठं झालं बाबा."

तो उकिडवा बसला आन् लहान पोरावानी रडला. "मला कुनी तरी सांगायचं ना गं," एवढंच म्हनत राहिला. मग नानांसाठी पानी आनायला उठला. मागच्या दारात चपला काढल्या आन् उंबऱ्याशीच थबकला. आत नवी पांढरी फरशी. एक पाय उचलला, परत खाली ठिवला. माझ्याकडं वळून बघितलं.

"आई, कुठं पाय ठिवू गं?"