बासष्ट किलोंचा गुन्हा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. हृदयरोग्यांच्या वॉर्डात दाराशेजारी उभा असतो. कारखान्यात लोखंडी वजनं ठेवून माझी परीक्षा झाली, तेव्हापासून माझा आकडा कधी चुकला नाही. "आपला काटा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" डॉक्टर म्हणायचे. मी फुशारून जायचो. आज ते आठवलं की लाज वाटते.

रोज सकाळी सिस्टर रोग्यांना माझ्यावर उभं करून आकडा लिहीत. डॉक्टर त्यावरून औषधाचा डोस ठरवीत; वजन जास्त, तर डोस जास्त.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. हृदयाचे ठोके चुकत होते, म्हणून सलाईनमधून औषध चालू होतं. आल्या दिवशी मी चोपन्न किलो दाखवले. पाचव्या दिवशी बासष्ट.

"अगं बाई! एवढी कशी वाढले मी?"

"दवाखान्याचं जेवण अंगी लागलं म्हणायचं!" सिस्टर हसल्या. मावशीही हसल्या. त्यांच्या पायांत चप्पल शिरत नव्हती, ते मला कळत होतं. पण मला तोंड कुठे होतं?

डॉक्टरांनी घाईत आकडा वाचला आणि डोस वाढवला.

दुपारी मावशी लेकीला म्हणाल्या, "ओठांना मुंग्या येतात गं." मग जीभ अडखळू लागली. लेक धावत आली. "सिस्टर, आई बरळतेय! मला ओळखत नाहीये!" तेवढ्यात मावशींना फिट आली. सलाईन बंद केलं.

औषधविभागातल्या फार्मासिस्ट काकू आल्या. त्यांनी मावशींच्या पायावर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला.

"डॉक्टर, हे वाढलेलं वजन पाण्याचं आहे. हृदय थकलंय, म्हणून साचलंय. हे औषध यकृतात मोडलं जातं, पण तिथवर ते रक्तानेच पोचायचं ना? थकलेलं हृदय यकृताकडे रक्त कमी धाडतं. मग औषध अंगातच साठतं. डोस कमी करायला हवा होता, तुम्ही वाढवलात."

"चूक माझीच," डॉक्टर हळूच म्हणाले.

पण आकडा माझा होता ना! तीन दिवस मावशी खाटेवरून उठल्या नाहीत. माझ्यावर कुणीही चढलं की मला त्यांची सुजलेली पावलं आठवायची. बरा होतो मी मिरवायला! त्या वाचल्या नसत्या तर त्या लेकीला मी काय सांगणार होतो?

मावशी वाचल्या. डोस निम्म्यावर आणला, अंगातलं पाणी उतरलं. घरी जाताना त्या लेकीचा हात धरून माझ्यावर चढल्या. चोपन्न.

"याच्यावर रागावू नकोस गं," त्या म्हणाल्या. "विचारलं तेवढंच सांगितलं बिचाऱ्याने."

लेकीने सिस्टरकडून चिकटपट्टी मागितली, त्यावर पेनाने लिहिलं आणि माझ्या कपाळावर चिकटवली: 'आकडा वाचलात? आता पाय बघा.'

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या आकड्यावर भरवसा जरूर ठेवा, पण काट्यावर उभ्या असलेल्या माणसाकडेही बघा. ती चिकटपट्टी आता पिवळी पडली आहे. तरी रोज सकाळी डॉक्टर ती वाचतात आणि वाकून रोग्याच्या पायावर बोट दाबतात.