तिसरी सही

“कितीदा पाय पुसले तरी छपरावरचं शेवाळं आणतेच ही बाई माझ्या घरात,” इर्मट्राउड स्वयंपाकघरात पुटपुटली. पण अशी, की दारात बूट काढणाऱ्या वीबकेला नीट ऐकू जावं.

खोटं नव्हतं ते. सकाळीच वीबके बेकरीच्या छपरावर चढली होती. पाच आठवड्यांत गावातलं एकही उंच घर तिनं सोडलं नव्हतं, आणि पन्नाशी उलटलेले गुडघे रोज संध्याकाळी त्याचा जाब विचारत होते.

गावात एकशे बारा राउटर होते, कुणाच्या खिडकीत, कुणाच्या धुराड्याला बांधलेले. ज्याच्याकडे इंटरनेट होतं त्यानं थोडं पुढं सोडायचं, शेजारच्या राउटरनं ते त्याच्या शेजाऱ्याला द्यायचं. त्या राउटरांच्या पोटातलं फर्मवेअर, म्हणजे त्यांना चालवणारा प्रोग्राम, तिघं सांभाळायची: वीबके, यॉर्न आणि इर्मट्राउडचा नवरा डेटलेफ. वीबके लाँड्रीत इस्त्री करायची. अकरा वर्षांपूर्वी ती बंद पडलेला राउटर घेऊन डेटलेफकडे आली, तेव्हा त्यानं तो दुरुस्त करून दिला नाही. स्क्रू-ड्रायव्हर तिच्याच हातात दिला. तिथून ही सगळी भानगड.

नियमही डेटलेफचाच. तिघांनी आपापल्या पासवर्डनं केलेल्या डिजिटल सह्या असल्या तरच राउटर पहाटे आपणहून नवं फर्मवेअर उतरवून घेणार. दोनच असल्या तर ढुंकूनही बघणार नाही. आणि लांबून बसल्या जागी कुणाच्या राउटरमध्ये शिरायचं नाही. “दुसऱ्याच्या घरात हात घालायचा तर आधी दार वाजवावं,” तो म्हणायचा.

वसंतापासून राउटर तिसऱ्या दिवशी गोठू लागले. प्लग काढून लावला की पुन्हा सुरू. दोन महिने डोकं फोडल्यावर वीबकेला दोष सापडला: समोरून गेलेल्या प्रत्येक फोनचं नाव राउटर लिहून ठेवत होता आणि खोडत मात्र नव्हता. जागा संपली की ठप्प. चार ओळींची दुरुस्ती. तिची आणि यॉर्नची सही ऑगस्टमध्येच झाली.

डेटलेफची होईना. आधी म्हणाला, आकडे पटत नाहीत. मग लॅपटॉप बिघडला. मग म्हणाला, ओळ न् ओळ वाचल्याशिवाय सही नाही. दोन कप कॉफीत हजार ओळी वाचणारा माणूस!

त्याला काय होतंय ते कळलं सगळ्यांना होतं. बोललं कुणीच नाही. नियम बदलून तीनऐवजी दोन सह्या करायच्या, तर तो बदलही नव्या फर्मवेअरमधूनच जाणार, म्हणजे पुन्हा तीन सह्या. राहिली शिडी. वर चढून हातानं फर्मवेअर बसवायला सही लागत नाही. लोकांना वीबके आणि यॉर्न सांगत, “धूळ पुसायला आलोय.”

टेकडीवरच्या निर्वासितांच्या वसतिगृहात हेच अंगाशी आलं. व्यवस्थापक ब्राख्ट म्हणाले, “धूळ ना? मग वसंतात पुसा. आत्ता छपरावर कुणी चढायचं नाही.” तिथले अकरा राउटर तसेच राहिले. तिथली सेलाम लाँड्रीत वीबकेच्या शेजारी चादरी घडी करायची. तिची आई दूर मायदेशी, अस्मारात अंथरुणाला खिळलेली. मागच्या रविवारी आई काहीतरी सांगत असतानाच राउटर गोठला आणि फोन तुटला. सेलाम तक्रार करत नव्हती. तेच वीबकेला सोसवत नव्हतं.

आत डेटलेफ टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता.

“ये. सहीसाठीच आलीस ना?”

“केकसाठी. सही काय, जमली तर.”

तो हसला. पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला. बोटं मध्येच हवेत थांबली.

“त्या लॅपटॉपचीच बटणं अडकतात,” इर्मट्राउड बश्या आपटत म्हणाली. “किती वेळा सांगितलं, नवा घे.”

“हो ना, माझाही असाच करतो,” वीबके म्हणाली. तिनं आलुबुखाऱ्याच्या केकचा तुकडा मोडला.

डेटलेफनं गावाचा नकाशा उघडला. प्रत्येक राउटरचा ठिपका, ठिपक्याखाली फर्मवेअरचा क्रमांक. बराच वेळ तो बोट फिरवत राहिला.

“एकशे एक,” तो म्हणाला. “नवं फर्मवेअर. माझ्या सहीशिवाय.”

वीबकेनं बशी जवळ ओढली.

“शिडीनं?”

“धूळ पुसायला गेलो होतो...”

“गावात एवढी धूळ?”

“क्रीम कुणाला हवंय?” इर्मट्राउडनं घाईनं विचारलं.

“आणि हे अकरा?”

“ब्राख्ट चढू देत नाहीत. खरं कारण द्या म्हणतात.”

“मग द्यायचं होतंस.”

वीबके बशीतले चुरे बोटानं गोळा करत राहिली.

डेटलेफनं लॅपटॉप मिटला, हळू, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. “पोरी,” तो इर्मट्राउडला म्हणाला. तरुणपणी तो तिला असंच म्हणायचा. “वसतिगृहाला फोन लाव. मला नंबर नाही जमायचा.”

ती हलेना. मग क्रीमचं भांडं खाली ठेवून तिनं नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्याच्या हातात देऊन खिडकीकडे तोंड केलं.

“ब्राख्ट? मी डेटलेफ बोलतोय. त्या राउटरांना तिघांची सही लागते. तिसरी माझी. ती आता व्हायची नाही, म्हणून ही दोघं छपरावर चढून हातानं बसवतायत.” त्यानं श्वास घेतला. “लॅपटॉप चांगला आहे. मीच विसरत चाललोय. पासवर्ड गेला, आणि काल सकाळी थोडा वेळ मला आठवेना, या घरात माझ्याबरोबर राहते ती बाई कोण.”