आता कुणी ओरडत नाही

मी घुबड बोलतोय. दचकू नका, लाकडाचं आहे. डोळे काचेचे, नखं तारेची, आणि आत जीव नाही, निदान सगळ्यांचा समज तरी तसाच आहे.

मला एका सुताराने घडवलं. डोळे बसवले तेव्हा त्याची बायको म्हणाली, "अहो, हे ध्यान आधी घराबाहेर काढा. सारखं माझ्याकडेच बघतंय." म्हणून मी गेलो शाळेतल्या सरांकडे.

सरांना मुलांना रानातले पक्षी शिकवायचे होते, चित्रातले नव्हे, खरे. त्यांनी मला रानाच्या कडेला खांबावर बसवलं आणि मुलांना झुडपामागे दडवलं. मग काय गोंधळ! बुलबुल, दयाळ, इवलासा शिंपी, सगळे माझ्याभोवती जमून कोकलू लागले. एकाने तर डोक्यात टोच मारली. "शत्रू दिसला की लहान पक्षी असा कालवा करतात," सर कुजबुजले, "आणि त्याला हुसकून लावतात." मुलं आ वासून बघत होती. खरं सांगतो, शिव्या खाऊन इतकं बरं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

सर दर आठवड्याला नवा वर्ग आणू लागले, आणि जाताना मुलं बुलबुलाच्या धोक्याच्या हाकेची हुबेहूब नक्कल करत जायची.

"बाबा, जाताना याला घरी नेऊया ना," त्यांची लेक म्हणाली.

"कशाला गं दरवेळी काढघाल? राहू दे. कुठे पळून जातंय?"

मी राहिलो. पक्षी यायचे, ओरडायचे, मी ढिम्म. हळूहळू त्यांचा आवाज उतरला. एक दिवस बुलबुलाची मादी माझ्याच डोक्यावर बसून पिसं साफ करून गेली. पुढे तिने समोरच्या झुडपात घरटं बांधलं. पिल्लं झाली.

गेल्या खेपेला वर्ग आला तेव्हा रानात चिडीचूप. सर जरा ओशाळले, पण लगेच सावरले. "बघा, पक्षीसुद्धा शिकतात! या घुबडाला भ्यायचं नाही, हे त्यांना कळलं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. लेकीने नाही वाजवल्या.

"पण बाबा, खरं आलं तर?"

"अगं, खरं ते बरोब्बर ओळखतील. चला, उशीर होतोय."

आज संध्याकाळी माझ्या शेजारच्या फांदीवर कुणीतरी येऊन बसलं. पंखांचा जरासुद्धा आवाज झाला नाही. तोंडवळा थेट माझा. फरक एवढाच की ते मान वळवतं. त्याने मान वळवून घरट्याकडे पाहिलं, आणि बघतच राहिलं. मला भीती वाटतेय. लाकडाला भीती वाटत नाही म्हणतात, पण वाटतेय.

बुलबुलीण चोचीत अळी घेऊन आली. तिने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. पिल्लांना भरवलं आणि दुसरी अळी शोधायला निघून गेली.

ओरड गं बाई, एकदा तरी ओरड! मुलांनो, तिची धोक्याची हाक तुम्हाला तोंडपाठ आहे. कुणीतरी या, ती हाक द्या, आणि आधी मला इथून काढा. पण शाळा केव्हाच सुटली. तुम्ही आपापल्या घरी असाल, आणि माझ्या शेजारची फांदी आत्ताच हलली.