आजार : निरंक

शर्टांची मापं घ्यायला त्या कचेरीत चार दिवस लागले आणि बावीस माणसांच्या आजारांची माहिती भरायला चार मिनिटं! हसू येत असेल तर जरा थांबा, कारण तुमच्याआमच्या कचेरीत याहून वेगळं काही चालत नाही.

वर्षातून एक दिवस सगळ्यांनी मिळून डोंगर चढायला जायचं, अशी या कचेरीची पद्धत होती. सहलीची सूत्रं हेडक्लार्ककडे. त्यांना सगळे कप्तान म्हणत आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. यंदा सर्वांना कचेरीचं नाव छापलेले एकसारखे पिवळे टी-शर्ट करायचं त्यांनी मनावर घेतलं. मग काय विचारता! "पोट आत ओढू नका हां, खरं माप सांगा," अशी चेष्टा करत ते टेबलाटेबलाशी फिरले. नवा ड्राफ्ट्समन रजेवर होता, तर त्याच्या घरी फोन लावून बायकोकडून माप घेतलं.

साहेबांच्या परवानगीसाठी एक तक्ता जोडावा लागे. त्यात शेवटचा रकाना होता, 'आजार व चालू औषधे'. तो कप्तानांनी बसल्या बैठकीला भरून टाकला. पहिल्या ओळीत स्वतःच्या नावापुढे झोकदार अक्षरात 'निरंक' आणि खाली एकवीस नावांपुढे डिट्टो, डिट्टो, डिट्टो.

तक्ता सह्यांसाठी फिरला तेव्हा स्टोअर सांभाळणाऱ्या ताईंनी पेन खाली ठेवलं. "कप्तान, हे कुणाला विचारून भरलंत?"

"विचारायचं काय त्यात? धडधाकट माणसं आहेत सगळी. काही होत नाही हो, ताई!"

"मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. तुमच्या कागदावर मी ठणठणीत!"

"आता खाडाखोड करायची का? साहेबांकडे जायचाय तो."

"खड्ड्यात गेला तुमचा कागद! स्टोअरमध्ये खिळ्यांचा पुडा आला तरी मी उघडून बघितल्याशिवाय सही करत नाही. तुम्ही बावीस जिवांची सही न बघता ठोकलीत. डोंगरावर दवाखाना नसतो, कप्तान. जे काही शहाणपण करायचं, ते इथे, या टेबलावर करायचं असतं."

ताईंनी आपल्या नावापुढचं डिट्टो खोडून गोळीचं नाव लिहिलं. कप्तान सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताईंना डोंगराचं नाव काढलं की धडकी भरते!" सगळे खो-खो हसले. मागे ड्राफ्ट्समन उभा होता. नोकरीला जेमतेम सहा महिने झालेले. तो पेन हातात धरून क्षणभर घुटमळला आणि नुसती सही करून गेला. ते घुटमळणं कप्तानांनी पाहिलं होतं, पण विचारायला सवड कुणाला होती?

सहलीच्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी बस थांबली. कप्तानांनी फर्मान काढलं, "पिशव्या बसमध्येच! पाठीवर गाठोडी घेतलीत तर फोटोत शर्टावरचं नाव दिसणार कसं? दोन तासांत वर, तासाभरात खाली, मग जेवण."

"सर, माझी पिशवी पाठीवर राहू दे?" ड्राफ्ट्समनने हळूच विचारलं.

"अरे, पंचविशीतला गडी तू! तुला रे कसलं ओझं हवंय?"

पुन्हा हशा पिकला. त्याने कानकोंडं होऊन पिशवी बसमध्ये टाकली. ताईंनी मात्र आपली पिशवी सोडली नाही. "संसार घेऊन निघालात की काय?" हा टोमणा ऐकत त्या पिशवी खांद्याला लावून चालू लागल्या.

दोन तासांची वाट चार तास झाले तरी संपेना. दरड कोसळून जुनी पायवाट केव्हाच बंद झाली होती, म्हणून लांबचा वळसा घ्यावा लागला. आधी कुणी येऊन बघितलं असतं तर कळलं असतं ना! पण वाट बघायला कोण येणार? कप्तान तर शर्टांच्या छपाईत गुंतले होते! माथ्याच्या थोडं अलीकडे ड्राफ्ट्समन मागे पडला. पाय लटपटत होते आणि तो काहीतरी असंबद्ध बडबडत होता.

"नाटकं पुरेत रे, फोटोला उशीर होतोय!" कप्तान ओरडले.

तो मटकन खाली बसला. ताईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. थंडगार घाम! "याला काय होतंय? कप्तान, तक्ता काढा!"

कप्तानांनी खिशातून तक्त्याच्या प्रतीची घडी काढली. ड्राफ्ट्समनच्या नावापुढे डिट्टो. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं हृदयाचं असेल. एकवीस माणसं भोवती उभी आणि एकालाही काही ठाऊक नाही! कप्तानांनी फोन काढला. रेंज नव्हती. ते धडपडत, गुडघे फोडून घेत कड्याच्या टोकाशी धावले. तिथे एकदाचा फोन लागला.

"काका, शर्ट बसला ना नीट?" पलीकडून त्याच्या बायकोने हसत विचारलं.

कप्तानांनी कसंबसं सांगितलं. ती किंचाळलीच. "साखर द्या, साखर! त्याला इन्सुलिन चालू आहे! खायला उशीर झाला की असंच होतं. बिस्किटं, ग्लुकोज, सगळं त्याच्या पिशवीत आहे!"

पिशवी चार तासांच्या वाटेवर खाली, बसमध्ये!

"ताई, साखर आहे का हो? साखर!" कप्तान ओरडतच परतले. ताईंच्या पिशवीत पुडी होती. "गिळता येतंय ना रे?" असं विचारून, त्याने मान हलवल्यावर त्यांनी साखरेचं पाणी घोट-घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी त्याची नजर ठिकाणावर आली. मग चौघांनी आळीपाळीने आधार देत त्याला खाली आणून दवाखान्यात नेलं.

बायको धावतपळत आली. डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं, तेव्हा तिने कप्तानांचे हात धरले. "काका, तुम्ही फोन केलात म्हणून तो वाचला."

"नको गं पोरी, आभार मानू नकोस!" कप्तान म्हणाले. "न विचारता तक्ता मीच भरला. पिशवीही मीच ठेवायला लावली."

तिने हात सोडले.  मग म्हणाली, "तो बोलला का नाही, हे मी त्याला घरी गेल्यावर विचारीन. पण तुमच्यासमोर बोलायची त्याला लाज का वाटली, ते तुम्ही सांगा."

सगळी कचेरी व्हरांड्यात उभी होती. कप्तानांनी मान वर केली. "कारण जो काळजी घेतो त्याला मी हसतो. आणि मी हसलो की तुम्ही सगळे हसता. ताई, मला माफ करा. इथून पुढे प्रत्येकाला मी एकेकट्याला गाठून विचारीन, आणि वाट स्वतः चालून बघितल्याशिवाय कुणालाही डोंगरावर नेणार नाही."

"आम्हीही हसलो होतो," रोखपाल खाली बघत म्हणाला.

मित्रहो, साहसाला कुणाचीच ना नाही. खुशाल डोंगर चढा! पण तयारी करणाऱ्याला भित्रा ठरवू नका. पिशवीत साखर ठेवणं सोपं आहे. त्याआधी सोबतच्या माणसाला 'मला हा त्रास आहे' असं न लाजता सांगता आलं पाहिजे, आणि ते ऐकताना आपण हसता कामा नये. तयारीची सुरुवात तिथून होते.