पाट्यांचे विळे

देवराव खाप्याला संत्री पिकवतो. त्याचा धाकटा भाऊ ताराचंद शहरात, सदरला लोखंडी सामान विकतो. बापूजी गेले तेव्हा शेत वाटलं, भांडीही वाटली. पलटणीच्या लिलावातली जुनी जीप मात्र विहिरीसारखी पाळीनं ठेवली. एक आठवडा याचा, एक त्याचा. पाळी बदलली म्हणून विहिरीचं पाणी बदलत नाही. जीपचं तसं नव्हतं.

कन्हान नदीच्या रेतीतून भरल्या पेट्या निघाव्यात म्हणून देवरावानं मागच्या कमानीत, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांत, ट्रकचे जाड पोलादी पाटे जास्तीचे घालून घेतले. जीप मागून उंच झाली. ताराचंदाची पाळी आली, तर धरमपेठेतल्या सासूबाईंना चढायला स्टूल लागलं आणि खड्ड्यात त्यांचं डोकं टपाला. ताराचंदानं पाटे काढून टाकले. भावाला सांगणं तेवढं राहून गेलं.

पुढच्या पाळीत देवरावानं पेट्या भरल्या आणि नदीत जीप मागून बसली ती बसलीच. बॉडी चाकांवर टेकली. सगळा माल रेतीत उतरवून, गडी राखणीला ठेवून, रिकामी जीप बैलांनी ओढून काढली. उद्या सकाळी शहरातल्या बाजारात लिलाव, अन् संत्री उन्हात! देवराव तडक सदरला, पाटे बसवणाऱ्या भागीरथा मिस्त्रीकडे.

"काहून गा, माहे पाटे कोठी गेले?"

"तुह्या भावानं काढ म्हटलं, म्या काढले. मी काय तुमच्या घरचा पंच हाय?"

ताराचंदाचं दुकान शेजारीच. त्यानं हसून भिंतीकडे बोट दाखवलं. नवेकोरे विळे टांगले होते.

"चांगलं लोखंड गंजून राहिलं होतं, भाऊ. लोहाराकडून करून घेतले. धार तर पाहा! तुले घरच्या भावात देतो."

"माह्या जीपचं हाडूक काढून टांगलं, अन् मलेच विकतं?"

"जीप दोघाइची हाय."

"पाटे माहे होते!"

"पाळी माही होती."

देवरावानं त्याला मनगट धरून गादीवरून ओढलं. "भागीरथा, आधीपेक्षा एक पाटा जास्त घाल. अन् तू चाल रे! माल तुह्यापायी उतरला, तूच भरशीन."

रिकाम्या गाडीत एवढे पाटे म्हणजे नुसता ओंडका. खाप्यापर्यंत देवरावानं एक खड्डा चुकवला नाही. मला तर वाटतं, दोनचार शोधून काढले. नदीवर ताराचंद कंबर धरून उतरला. पण व्यापारी तो! वजन पडलं की पाटे दबतात, गाडी नरम चालते, हे त्यानं वाटेतच ताडलं होतं. गड्याला बाजूला सारून त्यानं एकट्यानं पेट्या भरल्या.

"भाऊ, अजून राहिल्या का?"

"नाही."

ताराचंद पुढं बसायला धावला. देवरावानं गिअर टाकला.

"तू कोठी?"

"घरी!"

"माह्या मालासंगं नाही."

भरली जीप कुठेही न टेकता रेती चढून गेली. ती काठापलीकडे दिसेनाशी झाली तरी ताराचंदाच्या शिव्या चालूच होत्या. शेवटी गडीच म्हणाला, "मालक, बाकीच्या शिव्या रस्त्यानं द्या. खाप्याहून सुटणारी बस चुकन."