कोरड्या फरशीवरची पाटी

मित्रांनो, घसरून पडणाऱ्या माणसाचे चित्र पोटावर घेऊन जन्मभर उभी असलेली मी एक जुनी पिवळी पाटी आहे. प्लास्टिकच्या साच्यातून निघाले आणि सार्वजनिक वाचनालयाच्या जिन्यापाशी माझी नेमणूक झाली. तेव्हा फरशी पुसली की मला उभे करीत, वाळली की मिटून दाराआड ठेवीत. मला पाहून धावती मुलेही पाऊल जपून टाकीत. सफाईवाल्या मावशी म्हणत, "माझं मेलं कुणी ऐकत नाही, हिचं मात्र ऐकतात."

पुढे वाचनालयाच्या वकीलबाईंनी सल्ला दिला: पाटी उचलूच नका, कोणी पडलेच, तर इशारा दिला होता असे सांगता येईल. तेव्हापासून मी बारा महिने उभी. लोक माझ्यावर पिशव्या अडकवू लागले.

एका सकाळी शिवणकाम करणाऱ्या एक आजी माझ्या शेजारीच ओल्या फरशीवर घसरल्या. मनगट मोडले, शिवण थांबली. त्यांनी भरपाईचा दावा लावला. मला सगळ्यांचाच संशय आला. रोज येणाऱ्या आजींना ओल दिसली कशी नाही? आणि व्यवस्थापकांनी आजींना उचलण्याआधी माझा फोटो का काढला?

सुनावणीपूर्वी वकीलबाई आल्या. समोरचा वकील जे विचारील, ते आपल्याच अशिलाला आधी विचारून पाहण्याची त्यांची रीत होती. व्यवस्थापकांनी फोटो पुढे केला. पाटी ढळढळीत दिसते आहे, आजी काय डोळे मिटून चालत होत्या, असे त्यांचे म्हणणे.

"फरशी कोरडी असते तेव्हा पाटी कुठे असते?" बाईंनी विचारले.

"इथेच. तुम्हीच म्हणाला होतात ना, हलवायची नाही म्हणून?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मग आज ओली आहे, हे आजींना कळायचं कशावरून?"

व्यवस्थापकांनी पुढे केलेला फोटो परत खिशात घातला.

"दावा लढवायचा नाही," बाई म्हणाल्या. "सल्ला माझा, फरशी तुमची. आजींची चूक काढायला जागाच उरत नाही."

आजींवरचा संशय मी त्याच क्षणी मागे घेतला. फोटोवरचा अजून घेतलेला नाही.

मित्रांनो, ज्या तापमापकाचा पारा कायम एकाच रेघेवर अडकलेला असतो, तो तापाविषयी काहीच सांगत नाही. म्हणून विनंती एवढीच, की फरशी वाळली की मला मिटून ठेवा. माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा, असे मी म्हणत नाही. खुशाल वाकून फरशीला बोट लावून पाहा. मात्र बोट कोरडे निघणार नाही, याची काळजी मला उभे करणाऱ्याने घ्यावी.