जमादाराचा छातीपट्टा

गळ्याभोवती काही बांधायचे नाही, अशी पिराजीच्या घराची रीत होती. ही रीत कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नव्हती. सन छपन्नच्या धर्मांतरानंतर वस्तीतील सर्वांनी आपापले गंडेदोरे काढले, तेव्हा तरण्या पिराजीनेही आईने नवसाचा म्हणून बांधलेला काळा दोरा विळ्याने कापून नदीत सोडला होता. त्या क्षणी मानेला जो वारा लागला, त्याची आठवण त्याच्या अंतःकरणात अद्याप ताजी होती. म्हणून त्याच्या शेळीलासुद्धा गळ्यात दावे नसे. मागच्या पायाला सैल दोरी बांधून तो तिला चारीत असे, आणि शेजारीपाजारी त्यास हसत असत.

अशा माणसाच्या पदरी बहात्तरच्या त्या भयंकर दुष्काळात एक कुत्र्याचे पिल्लू आले. गावच्या सोसायटीने माळावर जनावरांची छावणी उघडली होती. तिच्या कुंपणाशी ते केकाटत पडलेले पिराजीला दिसले. कोणीतरी अगदी लहानपणी त्याच्या गळ्यात सुतळी बांधली होती. पिल्लू वाढले, पण सुतळी वाढली नाही. ती कातड्यात रुतून बसली होती. पिराजीने त्याला मांडीवर घेतले, विळ्याच्या टोकाने सुतळी कापली, जखमेत हळद भरली आणि त्याच्या कानात सांगितले, "आता तुझ्या गळ्याला कुणी हात लावणार न्हाय. माझा शबुद हाय." त्याच्या पुढच्या पायांवर शिपायाच्या पट्ट्यांसारखे पांढरे पट्टे होते, म्हणून त्याचे नाव जमादार पडले.

पिराजी आणि त्याची बायको मथुराबाई दोघेही पाझर तलावाच्या कामावर माती वाहण्यास जात. जखम भरून आली तसा जमादारही त्यांच्या मागून उड्या मारीत जाऊ लागला. कामावर मजुरांना खायला मिळणाऱ्या सुकडीतील घास त्याच्यासाठी निघू लागला, आणि दुष्काळ हा जणू केवळ माणसांकरिताच आहे अशा थाटात ते पिल्लू अंग धरू लागले.

परंतु छावणीत आलेली कित्येक जनावरे मरणाच्या दारातच उभी असत. मेलेली ओढून माळावर टाकली जात. गावातील कुत्र्यांना त्या मांसाची चटक लागली आणि एके दिवशी त्यांनी छावणीत शिरून जिवंत वासराचा लचका तोडला. सोसायटीचे चेअरमन नानासाहेब यांचा संताप अनावर झाला. त्यांच्या हुकुमाने सोसायटीचा शिपाई शांतलिंग डबा वाजवीत गावभर हिंडला.

"ऐका हो ऐका! येत्या बाजारापासून मोकळ्या कुत्र्यांना विषाच्या गोळ्या घालण्यात येतील! ज्याला आपलं कुत्रं राखायचं त्यानं दोरीला बांधून हातात धरावं हो!"

ती दवंडी ऐकून मथुराबाईने चुलीपुढून मान वळवली.

"ऐकलं का? आता काय करता?"

"काय करायचं?" पिराजी म्हणाला.

"घरात ठिवावं म्हटलं तर आपल्या दाराच्या ताटीखालनं डुक्कर बी जाईल. दिसभर आपुन कामावर. ह्ये भायेर पडंल आन गोळी खाईल. बांधा की मुकाट्यानं."

"गळ्याला न्हाय बांधणार."

"अवं, मग काय शेपटीला बांधता?"

"म्या शबुद दिलाय."

"कुत्र्याला!" मथुराबाईने कपाळावर हात मारला. "आन घरात गळ्याला काय बांधायचं न्हाय म्हंता, तर माझ्या गळ्यात ह्ये डोरलं काय मग? ह्ये न्हाय व्हय बांधलेलं?"

पिराजीने तिच्या डोरल्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "त्ये काढ म्हनलं हुतं म्या तुला. तू म्हनलीस, राहू द्या, मला आवडतं. तुझ्या मनानं ठिवलंस तू. त्याची गोष्ट येगळी."

"लई शानं," असे म्हणून ती भाकरीकडे वळली. तथापि तिचा राग ओसरला होता, हे तिच्या पाठीवरून दिसत होते.

आता गळा सोडून दोरी बांधावयाची कोठे? पिराजीने पुष्कळ विचार केला. बैलाच्या जोत्यापासून लेकराच्या झबल्यापर्यंत सगळे त्याच्या डोळ्यांपुढून गेले. अखेरीस त्याने असा पट्टा योजला की जो छातीवरून जाईल, पुढच्या पायांच्या मागून बगलेखाली येईल आणि पाठीवर एकत्र होईल. दोरी पाठीवरच्या कडीला. म्हणजे ओढ बसली तरी ती छातीवर बसावी, नरड्यावर नाही. सुकडीच्या रिकाम्या पोत्याची पट्टी कापून, दाभण आणि सुतळी घेऊन त्याने तो शिवलाही. आपल्या हातच्या त्या वस्तूकडे पाहून त्यास मोठे समाधान वाटले.

जमादारास मात्र ते वाटले नाही. पिराजीने पट्टा डोक्यावरून घालण्यास आणताच पिल्लाने मान आत घेतली, किंकाळी फोडली आणि उतरंडीमागे दडी मारली. गळ्यात रुतलेली ती सुतळी ते विसरले नव्हते. पिराजीने त्याला धरून, दाबून, कसेबसे त्यात अडकवले आणि अंगणात आणून दोरी ओढली. जमादार आडवा पडला. पिराजीने आणखी ओढले. जमादाराने चारही पाय आभाळाकडे केले आणि पाठीवर घसरत तो धुळीत रेघ ओढीत आला.

वस्तुतः पिराजीने जन्मभर गोऱ्हे शिकवलेले होते. नव्या गोऱ्ह्याला जुवाखाली दाबायचे, तो बसला तर शेपूट पिरगाळायची, तो दमेपर्यंत ओढायचे, आणि दमला की तो कामाला लागतो, ही विद्या त्याच्या हाडात मुरली होती. तीच त्याने इथे चालवली. पिल्लू दमले खरे. पण कामाला लागले नाही. ते थरथरत पडून राहिले, आणि त्याच्या डोळ्यांत पिराजीला जे दिसले ते त्याला सोसवले नाही. कुंपणाशी सापडले त्या दिवशी ते असेच पाहत होते.

"बैल न्हाय त्यो, नांगराला जुपायला," मथुराबाई उंबऱ्यातून म्हणाली. "गळा सोडला आन छाती धरली. त्याला काय फरक पडला हो? दोरी ती दोरीच."

हा घाव वर्मी बसला. पिराजीने पट्टा सोडला आणि बराच वेळ तो जमादाराशेजारी धुळीत बसून राहिला. ज्या माणसाने आपल्या मानेवरचा दोरा आपल्या हाताने कापला, त्यानेच दुसऱ्यावर जबरदस्ती करावी, यापरते लाजिरवाणे काय? आणि पट्टा चढवला नाही तर बाजाराच्या दिवशी विष ठरलेलेच. तेव्हा पट्टा घालायचाच. परंतु तो जमादाराच्या मनाने घालायचा, असा निश्चय करून तो उठला.

प्रथम त्याने पोत्याची पट्टी फेकून दिली, कारण ती त्याच्या स्वतःच्या मनगटालाही बोचली. मथुराबाईच्या बाजेची नवार जुनी होऊन मऊ पडली होती. तिच्यातील एक पट्टा तो मागण्याआधीच मथुराबाईने सोडून त्याच्यापुढे टाकला.

"बाजंला भोक पडलं तर तुमी निजा त्यात," ती म्हणाली.

नवारीचा पट्टा त्याने असा शिवला की तो डोक्यावरून घालावा लागू नये. छातीखालून आणून पाठीवर गाठ मारता यावी, आणि पट्ट्याखाली बोटे सहज फिरावीत. मग त्याने तो पिल्लाला घातलाच नाही. नुसता जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर सुकडीचा घास ठेवला. जमादाराने लांबून वास घेतला, मान ताणून घास उचलला आणि पळ काढला. पिराजी हसला व त्याने दुसरा घास ठेवला.

असे पुष्कळदा झाले. मग खाताना पट्टा पाठीवर नुसता टाकायचा आणि पिल्लाने अंग झाडले की निमूट काढून घ्यायचा. मग छातीखालून घ्यायचा, पण गाठ मारायची नाही. मग गाठ मारायची आणि लगेच सोडायची. पिराजीने आपल्या वाटणीची सुकडी या कामी घातली आणि स्वतः मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी तांबड्या ज्वारीच्या, कोरड्या भाकरीवर राहिला. मथुराबाई पुटपुटत असे, "सासऱ्यानं जावयाचे लाड करावेत तसं चाललंय बाई ह्यांचं," पण स्वतःच्या पानातले काही ती नकळत इकडे सरकवीत असे.

एके सकाळी पिराजीने पट्टा हातात घेतला, तर जमादार शेपूट हलवीत आला आणि आपण होऊन त्याच्या गुडघ्यांमध्ये उभा राहिला. पिराजीच्या डोळ्यांत पाणी आले. पट्ट्यासह ते पिल्लू अंगणात हुंदडले. दोरी लावली तेव्हा पिराजीने ती ओढली नाही, सैल धरली, आणि पिल्लू जिकडे जाईल तिकडे आपण गेला. नंतर थोडे पिल्लू त्याच्यामागे आले. वस्तीच्या टोकापर्यंत ते चालू लागले. त्यापुढे मात्र गाडी वाजली, माणूस ओरडला, की ते जागच्या जागी बसे. पिराजीही थांबे. आणखी थोडे दिवस मिळते तर बरे झाले असते; पण बाजाराचा दिवस उजाडला.

तलावाची वाट छावणीच्या मधून जात असे. दोन्ही बाजूंना जनावरे, मध्ये कडब्याच्या ट्रकापुरता रस्ता. त्या दिवशी तोंडाशीच शांतलिंग गोळ्यांची पाटी घेऊन बसला होता आणि जवळच खुर्ची टाकून नानासाहेब बसले होते. गळ्यात दोऱ्या घातलेली काही कुत्री मालकांबरोबर मुकाट पुढे गेली. मग पिराजी आला. मागे डोक्यावर पाटी घेऊन मथुराबाई.

"आरं तिच्या! पिराजी, कुत्र्याला बंडी शिवलीस व्हय?" शांतलिंग ओरडला. "टोपी कुठाय त्याची?"

जमलेले लोक हसले. नानासाहेब हसले नाहीत. ते पट्ट्याकडे निरखून पाहत होते.

"हे काय सोंग आहे?" ते म्हणाले. "सगळ्या गावानं गळ्यात दोरी घातली. तुला काय येगळा कायदा?"

"जयभीम, नानासाहेब. दोरी हाय की हातात. बांधलंय मजबूत."

"गळ्यात घाल."

"न्हाय घालणार."

"पुन्हा बोल?"

"गळ्यात न्हाय घालणार. मोकळं सोडलं तर खुशाल गोळी घाला. ह्ये मोकळं न्हाय."

नानासाहेबांसमोर असे बोलणारा माणूस गावाने क्वचितच पाहिला असेल. हसू थांबले. नानासाहेब खुर्चीत पुढे झुकले.

"बरं. चालव बघू त्याला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्या जनावरांतनं. बसलं, पळालं, न्हाय तर भुंकलं, तर दोरी गळ्यात. आणि ती मी घालीन. कबूल?"

"चालंल त्ये," पिराजी म्हणाला.

जमादार चालू लागला. एक म्हैस फुरफुरली, तो दचकला, तरी चालला. कडब्याच्या पेंढीचा वास घेतला आणि चालला. अर्धी वाट सरली तोच समोरून कडब्याचा ट्रक घरघरत आला. ड्रायव्हरने भोंगा दिला. जमादार रस्त्याच्या मधोमध मटकन खाली बसला.

"बसलं! बसलं!" शांतलिंग टाळी पिटून ओरडला. नानासाहेब खुर्चीवरून उठले.

"ओढ की लेका!" कोणी म्हणाले. "उचल आन पळ!" दुसरा म्हणाला. पिराजीच्या हातात दोरी होती. एक हिसका दिला असता तर पिल्लू फरफटत पलीकडे गेले असते. त्याने पिल्लाकडे पाहिले. मग डोक्याचे मुंडासे सोडून त्याने रस्त्यात अंथरले आणि तो जमादाराशेजारी मांडी घालून बसला.

"ए! ट्रक दिसत न्हाय व्हय? ऊठ!" ड्रायव्हर ओरडला.

"ह्ये उठंल तवा उठीन."

"पिराजी!" नानासाहेबांचा आवाज आला. "छावणीची जनावरं कडब्याबिगर उभी हायेत!"

"मग भोंगा बंद करा म्हणावं. भोंग्यानं बसलंय त्ये. ओढून न्ह्यायचं असतं तर गळ्यातच बांधलं असतं की म्या."

मथुराबाई पुढे आली. तिने डोक्यावरची पाटी रस्त्यात ठेवली आणि ती नवऱ्याशेजारी टेकली. "मला बी जरा बसू द्या. कंबर मोडली," ती म्हणाली. तिच्यामागून येणाऱ्या वस्तीच्या बायकाही थांबल्या. त्यांपैकी एक बसली, मग दुसरी. कामाला उशीर होत होता; मुकादम ओरडणार होता. कोणीही उठले नाही.

ड्रायव्हरने नानासाहेबांकडे पाहिले आणि यंत्र बंद केले.

एकाएकी सर्वत्र शांतता पसरली. फक्त जनावरांचे रवंथ करणे ऐकू येत होते. पिराजीने दोरी मांडीवर सैल टाकली होती. हाताने त्याने पिल्लाला स्पर्शही केला नाही. जमादाराने कान उभारले. ट्रककडे पाहिले, बायकांकडे पाहिले, पिराजीच्या गुडघ्याचा वास घेतला. मग तो उठला, अंग झाडले आणि आपल्या पायांनी पुढे निघाला.

पिराजी मुंडासे खांद्यावर टाकून त्याच्यामागे उठला. ट्रकच्या कडेने, बैलांच्या ओळीतून, ते दोघे चालत छावणीच्या टोकाला पोहोचले. दोरी एकदाही ताणली गेली नाही.

"बसलं होतं ते! सगळ्यांनी पाहिलंय!" नानासाहेब मागून गरजले. "उद्या गळ्यात दोरी पाहिजे!"

पिराजी वळला. "उठलं बी हुतं, नानासाहेब. त्ये बी सगळ्यांनी बघितलंय. उद्या ह्याच येळेला, ह्याच पट्ट्यात येतो. गोळी घालायची तर माझ्या हातात दोरी असताना घाला."

शांतलिंगाने गोळ्यांची पाटी उचलली, पुन्हा खाली ठेवली. त्याने हुकुमासाठी नानासाहेबांकडे पाहिले; पण ते खुर्ची तशीच सोडून कडब्याच्या ट्रककडे वळले होते.

"अवं, आता तरी जरा बिगीबिगी चला," मथुराबाई दबक्या आवाजात म्हणाली. "समदी बघायलेत."

"बघू दे," पिराजी म्हणाला. "म्या त्याच्या चालीनं चाललोय."

आणि जमादार एका वाळलेल्या शेणाच्या गोवरीचा सावकाश वास घेत होता.